देखाव्यात तो मरत नाही

पुण्यात सात-आठ माणसं एका बाकावर शेजारी शेजारी बसली आहेत आणि कोणी कोणाला काहीही शिकवत नाही, असं दृश्य मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं. नारायण पेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, रोज सकाळी. तिथे आमचं औषध केंद्र होतं. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची सवय लागलेली माणसं तिथे यायची. सिस्टर गोळीची पूड करून त्यांच्या जिभेखाली ठेवायच्या. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, जागचं हलायचं नाही. मग उठून ज्याने त्याने आपल्या कामाला जायचं. कोणी मार्केट यार्डात हमाली करायचा, कोणी रिक्षा चालवायचा, एकजण तर गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र शर्टाच्या आत लपवून यायचा आणि बाहेर पडताना पुन्हा वर काढायचा.

या गोळीने नशा चढत नाही. अंगातली तडफड थांबते, माणूस जेवतो, झोपतो, कामावर जातो. इतकी साधी गोष्ट समजावून सांगण्यात माझी ऐन विशीतली वर्षं गेली आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मी तिथे डॉक्टर नव्हते, सिस्टर नव्हते. संस्थेत माझ्या पदाचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण काम एकच, भांडण. पोलिसांशी, नगरसेवकांशी, वर्तमानपत्रांशी, शेजाऱ्यांशी. भांडायचं शिक्षण घरचंच. आमचं घर वारज्याला. बाबा संरक्षण खात्याच्या एका कचेरीत कारकून, संध्याकाळी आणि रविवारी विहाराचे कार्यकर्ते. आमच्या घरात पाहुण्यांना चहाआधी पत्रक मिळायचं. मी शाळेत असल्यापासून बाबा मला मसुदा करायला बसवायचे. त्यांचा नियम ठरलेला होता. पहिल्या वाक्यात कोणावर अन्याय झाला ते सांग, दुसऱ्यात कोणी केला ते, तिसऱ्यात लोकांनी काय करायचं ते. "चौथं वाक्य लिहावंसं वाटलं तर पहिली तीन पुन्हा लिही."

तर पहिलं वाक्य.

हडपसरचा एक माणूस होता. तिशी ओलांडलेला, सडपातळ, मान किंचित पुढे काढून चालणारा. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. पूर्वी ते एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दादांनी कर्ज काढून गाडी घेतली आणि त्याच इमारतींतल्या मुलामुलींना रात्रपाळीला ने-आण करायला लागले. "ज्या गेटातनं कार्ड पंच करून आत जायचो, त्याच गेटाभायेर आता मॅडमची वाट बघत थांबतो," असं ते हसत सांगायचे. रात्रभर गाडी, दिवसा झोप नाही. झोपेसाठी एका दुसऱ्या ड्रायव्हरने पुडी दिली. पुढचं सांगायची गरज नाही. मी पूर्वी पत्रकात 'व्यसनाचा विळखा' वगैरे लिहायचे. दादांना भेटल्यावर सोडून दिलं. विळखा वगैरे काही नव्हता. झोप न मिळालेला एक माणूस होता.

मग चहाच्या टपरीवर झडतीत त्यांच्या खिशात पुडी सापडली. खटला झाला. जामिनाला कोणी उभं राहीपर्यंत ते आत होते आणि आत औषध नव्हतं. कोठडीच्या फरशीवर उलट्या करत काढलेल्या त्या दिवसांबद्दल ते एवढंच म्हणायचे, "त्यापरीस गुरासारखं मारलं असतं तरी चाललं असतं."

त्याच सुमारास गावाबाहेरच्या एका बंगल्यावर पार्टीत चांगल्या घरची काही मुलं पकडली गेली होती. वर्तमानपत्राने त्यांना 'भरकटलेली तरुणाई' म्हटलं. त्यांच्या पालकांनी वकील आणले, मुलं एका महागड्या उपचार केंद्रात गेली, प्रकरण निवलं. निवायलाच हवं होतं, मुलांना जेलमध्ये टाकून काय मिळणार होतं? पण मग दादा 'भरकटलेले' का नव्हते? त्यांच्या बातमीचा मथळा होता 'गर्दुल्ला जेरबंद'. तेच वर्तमानपत्र, तोच आठवडा. मी संपादकांना फोन करून विचारलं, की तुमच्याकडे भरकटण्यासाठी किमान उत्पन्नाची काही अट आहे का? त्यांनी फोन ठेवला.

जामीन झाल्यावर दादांनी रात्रपाळी सोडून दिवसाची पाळी घेतली आणि आमच्याकडे आले. आणि आता जे सांगते ते नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्याच कायद्यात एक कलम आहे. थोडासा माल जवळ सापडलेला, सवय लागलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालू नये, असं ते सांगतं. पण उपचार अर्धवट सोडले तर सवलत जाते. म्हणजे दादांना रोज आमच्या बाकावर बसणं भाग होतं, आणि आम्हाला तो बाक टिकवणं. केंद्र बंद पडलं, की दादांचे उपचार तुटले, खटला पुन्हा उभा राहिला आणि दादा आत. घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती, गाडीचे हप्ते होते.

आता दुसरं वाक्य. अन्याय कोणी केला? दोघांनी. चौकीने आणि मंडळाने.

चौकीचं सोपं होतं. महिन्याच्या शेवटी वरिष्ठांना पकडलेले आकडे दाखवायचे असतात. त्यासाठी विकणाऱ्यांच्या मागे धावायला नको, दवाखान्याच्या कोपऱ्यावर एक हवालदार उभा केला की झालं. आमच्या कोपऱ्यावर एक उभे केले होते. जाडसर, मिशीवाले, डोक्यावर उन्हासाठी टोपीखाली रुमाल. केंद्रातून बाहेर पडणाऱ्याला थांबवायचं, खिसे तपासायचे, वाटलं तर चौकीवर नेऊन संध्याकाळपर्यंत बसवायचं. दादांनाही एकदा बसवलं. खिशात सापडलं काय? मुलीचं चॉकलेट. पण त्या दिवशीची ड्युटी गेली ती गेलीच.

मी कोपऱ्यावर गेले. "मामा, पोहता न येणारे बुडत असतील तर नदीवर उभे राहा. इथे तर माणसं काठावर चढतायत. त्यांचे पाय कसले ओढताय?"

"वरनं सांगितलंय बाई," हवालदार म्हणाले. "मला काय इथं उन्हात उभं राहायची हौस आहे?"

"मग सावलीत उभे राहून पाप करा. इथे नको."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं लग्न झालंय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी अगदी समजूतदारपणे मान हलवली. त्यानंतर आमचं रोज काही ना काही वाजायचं.

मंडळाचं प्रकरण अवघड होतं. गल्लीच्या तोंडाशी गणपती मंडळ. अध्यक्षांचं दिव्यांच्या माळांचं आणि वायरींचं दुकान. गल्लीत दिवा लावायचा की विझवायचा हेही तेच ठरवायचे. त्यांनी घरमालकांना सांगून ठेवलं होतं, गणपती बसायच्या आत ही मंडळी इथून गेली पाहिजेत, उत्सवात लेकीबाळींची ये-जा असते. आमचे घरमालक वयस्कर होते, एकटे राहायचे, बोलणं तुटक. मला बोलावून म्हणाले, "मला तुमचा त्रास नाही. तुमची माणसं बाकावर बसतात आणि गप्प असतात. माझे भाचे आले की गप्प नसतात. पण अध्यक्षांना नाही म्हटल्यावरही मला याच गल्लीत राहायचं आहे."

दुसरी जागा बघा, असं सगळेच सांगायचे. तीन गल्ल्यांनी आम्हाला आधीच हाकललं होतं. शिवाय सरकारी मान्यता पत्त्यासकट असते. पत्ता बदलला की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर दादांसारख्यांनी करायचं काय? जीभ बाहेर काढून बसायचं?

मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. सोबत पत्रक नेलं होतं. त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. यासाठी मी त्यांना आजही मान देते, बहुतेक लोक माझी पत्रकं वडापावाखाली घालतात.

"लेखणी जोरात आहे तुमची," ते म्हणाले. "नाटक लिहिता का?"

"पथनाट्य लिहिते."

"आमचा देखावा लिहून देता?"

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, काही मंडळं मूर्तीशेजारी रंगमंच उभारून जिवंत देखावा करतात. सामाजिक विषय, पंधरा-वीस मिनिटांचा खेळ, संध्याकाळभर पुन्हा पुन्हा. संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड केलेले असतात, कार्यकर्ते समोर फक्त ओठ हलवतात आणि हातवारे करतात. अध्यक्षांच्या मंडळाचा दरवर्षी लिहिणारा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला होता आणि कंपनीने त्याला परदेशी पाठवला होता. स्पर्धेत यंदा विषय होता व्यसनमुक्ती.

"देखावा लिहा," अध्यक्ष म्हणाले. "विसर्जनापर्यंत तुमच्या केंद्राला कोणी हात लावणार नाही. नंतरचं नंतर बघू. फक्त एक अट. शेवटी तो मेला पाहिजे."

"कोण?"

"गर्दुल्ला. तडफडून मेला पाहिजे. आई हंबरडा फोडते, पडदा पडतो. त्याशिवाय पब्लिक टाळ्या वाजवत नाही. मागल्या वर्षी आमचा दारुडा जगला, आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. शेजारच्या मंडळाचा मेला. पहिला नंबर."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढला. "आपण गणपतीपुढे लिहिणार?"

"गणपतीपुढे नाही बाबा. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांपुढे. आपल्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त माणसं तिथे एका संध्याकाळी उभी असतात."

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "चार वाक्यं करू नकोस म्हणजे झालं." आई आतून म्हणाली, "आणि प्रसादाला नाही म्हणू नकोस, उपाशी येशील."

मी लिहिलं. रात्रपाळीचा ड्रायव्हर, पुडी, झडती, कोठडी, आमचं केंद्र. शेवटच्या प्रवेशात तो बाकावर बसतो, जिभेखाली गोळी ठेवतो आणि कोणीच काही बोलत नाही. संवाद नाही, संगीत नाही. गोळी विरघळते, तो उठतो, किल्ली उचलतो आणि म्हणतो, "चला, ड्युटीला उशीर होतोय." संपलं.

अध्यक्षांनी वाचून कागद टेबलावर ठेवला. "छान आहे. मेला कुठे?"

"मरत नाही."

"आणि हे काय, आवाजच नाही? लोकांना वाटेल स्पीकर उडाला."

"तसंच असतं ते. या एकदा सकाळी बघायला."

"ताई, मी वायरी विकतो. आवाज नाही म्हणजे फॉल्ट आहे, एवढं मला कळतं."

आठवडाभर भांडलो. पालिकेच्या शाळेत तालमी सुरू झाल्या तरी भांडत होतो. मी आकडे सांगितले, कायदा सांगितला, न्याय सांगितला. ते प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. मेला पाहिजे." शेवटी मी एक दिवस ओरडले, की इथे खरी माणसं जगायला धडपडतायत आणि तुम्हाला टाळ्यांसाठी एक मुडदा हवाय! कार्यकर्ते खाली बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "चहा घ्या."

पटलं ते माझ्या पत्रकाने नाही. पटलं ते असं.

ड्रायव्हरचं काम करणाऱ्या मुलाची पाळी बदलली, संध्याकाळचा तो मोकळा राहीना. दादा तालमीला अधूनमधून यायचे. ड्रायव्हर स्टिअरिंग कसं धरतो, बाकावर कसं बसतात, हे दाखवायला मीच बोलावलं होतं. मंडळाला ते माझ्या ओळखीचे गाडीवाले एवढंच माहीत होतं. म्हणाले, "मी करतो की. बोलायचं कुठंय मला, आवाज तर रेकॉर्डचा हाय."

मी त्यांना बाजूला घेतलं. "दादा, नको. कोणी ओळखलं तर? तुमचं नाव आम्ही कुठेच सांगत नाही, आणि तुम्ही स्टेजवर?"

"ताई, रोज सकाळी तुमच्या बाकावर हेच करतो, फुकट. हितं निदान चहा मिळतोय."

"हसू नका. घरी विचारा."

घरी विचारून आले. वहिनींचं म्हणणं होतं, बातमीत नाव यायचं होतं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आता हे विचारतायत हेच पुष्कळ. दाढी लावा म्हणजे झालं.

दादांनी पहिल्यांदा तो शेवटचा प्रवेश केला त्या संध्याकाळी अध्यक्ष खुर्चीत बसून माळांचे बल्ब तपासत होते. दादा बाकावर बसले. जीभ उचलली, खाली केली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, मान थोडी खाली, म्हणजे लाळ घशात उतरत नाही. डोळे समोरच्या भिंतीवर. आणि बसून राहिले. अध्यक्षांच्या हातातली माळ थांबली.

"हे इतकं बरोबर कसं जमतं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

दादा सवयीने थांबले. मनातली गोळी विरघळायला हवी होती ना. मग म्हणाले, "सवय हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, उठले आणि व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले. मनात म्हटलं, गेलं. आता केंद्रही गेलं आणि दादाही गेले. भांडायची सगळी वाक्यं तयार ठेवली.

"तो तुमच्याकडचा आहे?" त्यांनी विचारलं.

"ते सांगायचा मला हक्क नाही. ते स्वतः..."

"कळलं मला." ते कठड्याला टेकले. "ताई, शेवट तुमचाच ठेवा."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"खऱ्या माणसाला गणपतीसमोर मारायचं? रोज संध्याकाळी सात-आठ वेळा? आणि आपण टाळ्या घ्यायच्या? नाही. आमच्या मंडळात असलं चालत नाही. अपशकुन आहे."

माझ्यासारखी, ज्या घरात शकुन-अपशकुन हे शब्द फक्त खोडून काढण्यासाठी लिहिले जातात त्या घरातली मुलगी, त्या व्हरांड्यात उभी राहून अपशकुनाचे आभार मानत होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "पण त्याने 'खरा माणूस' म्हटलं ना? गर्दुल्ला नाही म्हटलं?" नव्हतं म्हटलं. त्या दिवसानंतर मी अध्यक्षांच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही.

शेवटचं वाक्य दादांच्याच आवाजात रेकॉर्ड केलं. स्टुडिओवाल्याला ते 'होतोय' जरा जास्तच हडपसरी वाटलं. मी म्हटलं, राहू दे, ती ड्युटीही हडपसरचीच आहे.

पहिल्या दिवशी पहिल्याच खेळाला वाट लागली. शेवटचा प्रवेश आला, दादा बाकावर बसले, आवाज थांबला, आणि स्पीकरवाला दचकला. मंडळाच्या स्पीकरवाल्याला शांतता कशी सहन होणार? त्याला वाटलं कॅसेट अडकली, त्याने झटकन ढोलताशा लावला. दादा जिभेखाली गोळी ठेवून बसलेत आणि मागे विसर्जन मिरवणूक चालली आहे. गर्दीतली मुलं नाचायला लागली. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "हा शेवट जास्त चांगला आहे."

दुसऱ्या खेळाला मी स्पीकरवाल्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या बटणांवर हात ठेवला. आवाज थांबला. गर्दी चुळबुळली. कोणीतरी ओरडलं, "ए, आवाज गेला!" तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका नऊवारीतल्या आजी मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, औषध घेतोय तो! गप्प बसा ना जरा!"

आणि रस्ता गप्प झाला. लांबच्या मंडळाचं गाणं ऐकू यायला लागलं, फुगेवाल्याची पिपाणी थांबली. माणसं एका बाकावर बसलेल्या माणसाकडे नुसती बघत राहिली. दादा उठले, किल्ली उचलली. "चला, ड्युटीला उशीर होतोय." टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. कोणी मेलेलं नव्हतं.

तिथे बंदोबस्ताला कोण होतं? आमचेच कोपऱ्यावरचे हवालदार. उत्सवभर त्यांची ड्युटी मांडवासमोर लागली होती. पहिल्या दिवशी ते पाठ करून उभे होते. नंतर तिरके. पुढे त्यांना इतकं पाठ झालं, की शांततेच्या जागी तेच हात वर करून गर्दीला गप्प करायचे. दाढी लावलेल्या दादांना त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. बोलले मात्र काही नाहीत.

स्पर्धेत आम्हाला पुन्हा उत्तेजनार्थ मिळालं. अध्यक्ष आजही भेटले की म्हणतात, "मेला असता तर पहिला होता." पण विसर्जन झालं, मांडव उतरला, आणि 'नंतरचं नंतर बघू' हे नंतर काही आलं नाही. उलट घरमालकांनी आमच्या दारावर स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली. 'येथे उपचार चालतात. डोकावणाऱ्यांनी आधी स्वतःचे करून घ्यावेत.' मी पत्रकांचे गठ्ठे लिहिले, पण या उपचारांबद्दल इतकं नेमकं मला कधी लिहिता आलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी दादांची कोर्टाची तारीख आली. सकाळचीच. केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी साक्ष दिली, की उपचार चालू आहेत, नियमित आहेत. सरकारी वकील म्हणाले, डॉक्टर संस्थेच्याच, त्या असंच सांगणार. स्वतंत्र पुरावा काय? दादांच्या बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं होतं ते सोडलं नाही.

आमचे वकील तरुण होते आणि तोवर मला ते फार सौम्य वाटायचे. पुकारा झाल्यावर पोलिसांच्या बाजूने आमचे हवालदार उभे राहिले. आरोपी संशयास्पद रीतीने त्या भागात वारंवार आढळतो, एवढं सांगायला त्यांना आणलं होतं. आमच्या वकिलांनी अदबीने विचारलं, "आपण त्या कोपऱ्यावर रोज उभे असता?"

"होय साहेब. वरून आदेश आहेत."

"सुट्टी सोडून रोज?"

"रोज."

"आणि हा आरोपी रोज येताना दिसतो?"

हवालदार थांबले. त्यांनी दादांकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना कळलं, की प्रश्न कुठे चालला आहे. ते टाळू शकले असते. दिसत नाही, लक्ष नव्हतं, आठवत नाही, हे सगळं पोलिसाला येतं.

"रोज येतो साहेब," ते म्हणाले. "सकाळी येतो, आत बसतो, बाहेर पडून कामाला जातो. मी खिसे तपासलेत. एकदाही काही सापडलं नाही."

ज्या पहाऱ्यावरून मी वर्षभर रोज घसा फोडला, तोच पहारा दादांचा पुरावा झाला. कोर्टाने सवलत मान्य केली. उपचार चालू ठेवायचे, खटला चालणार नाही. मी रडले नाही. आमच्या वकिलांच्या पाठीवर जरा जोरात थाप मारली, एवढंच. पण बाबांचा नियम मला तिथेच कळला. तिसऱ्या वाक्यात लोकांनी काय करायचं ते लिहायचं असतं. हवालदारांनी ते केलं होतं, कोणी लिहून न देता.

कोर्टाबाहेर सगळे हसत होतो, तेवढ्यात दादा कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, आजचा डोस ऱ्हायला." केंद्र दुपारी बंद व्हायचं. रिक्षावाले मीटर टाकायला तयार नाहीत, मी त्यांच्याशी भांडायला लागले. मागून मोटारसायकल येऊन थांबली. हवालदार. "बसा," ते दादांना म्हणाले. "हिच्या भांडणाच्या नादात दवाखाना बंद होईल."

वहिनींना घेऊन मी मागून रिक्षाने पोचले, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हीऽ गर्दी. पोलिसाच्या गाडीवर दादा मागे बसलेले बघून अध्यक्ष दुकानातून पळत बाहेर आले होते आणि हँडल धरून उभे होते. मागे कार्यकर्ते. घरमालकही पायजम्यावर बाहेर.

"मामा, हे चालणार नाही," अध्यक्ष ओरडत होते. "आमच्या कलाकाराला कुठे नेताय?"

मी रिक्षातच थांबले. आमच्या कलाकाराला. याच माणसाने आम्हाला गणपतीच्या आत गल्लीबाहेर काढायचं ठरवलं होतं.

"नेत नाही हो," हवालदार म्हणाले. "आणतोय. सोडा हँडल, त्याच्या औषधाची वेळ झाली."

हँडल सुटलं. दादा उतरले, शर्ट नीट केला आणि आत जाऊन बाकावर बसले. सिस्टरनी औषधाच्या कपाटाचं कुलूप पुन्हा उघडलं. कोर्टात काय झालं ते सगळ्यांना ऐकायचं होतं, सगळे दारात दाटले होते, पण दादा जीभ उचलून, तळवे गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले. हवालदार टोपी काढून बाकाच्या टोकाला टेकले. अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि घरमालकांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"अहो," ते म्हणाले, "गोळी विरघळू द्या."

आम्ही सगळे उभे राहिलो आणि दादांची गोळी विरघळेपर्यंत कोणी काही बोललं नाही.